विनंती, उत्तर आणि विस्मरण : वेब सर्व्हरच्या कार्यपद्धतीचा आढावा

ब्राउझरकडून आलेली विनंती वाचणे, तिला काय हवे आहे ते ठरवणे आणि त्याचे उत्तर परत पाठवणे, एवढेच वेब सर्व्हर या प्रोग्रामचे काम असते. काम असे एका वाक्यात मावणारे असले, तरी ते पार पाडताना नावाचा शोध, जोडणी, गुप्तता, फायलींची मांडणी, डेटाबेस, साठवण आणि गर्दीचे नियोजन इतक्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात की, यांपैकी एकाच भागाचा अभ्यास करणाऱ्याला संपूर्ण चित्र क्वचितच दिसते. प्रस्तुत लेखात विनंती निघाल्यापासून उत्तर परतेपर्यंतच्या टप्प्यांचा आणि त्या टप्प्यांना आजचे रूप कसे आले याचा आढावा घेतला आहे.

या सगळ्या तपशिलांच्या मुळाशी एक जुना निर्णय आहे. उत्तर पाठवून झाले की सर्व्हरने ती विनंती विसरून जावी आणि पुढची विनंती त्याच माणसाकडून, त्याच क्षणी आली तरी ती नवीनच मानावी, असा तो निर्णय होय. या गुणाला ‘स्टेटलेस’, म्हणजे पूर्वस्थिती न जपणारा, असे म्हणतात. ज्या कचेरीत दर खेपेला सगळी कागदपत्रे नव्याने जोडून अर्ज करावा लागतो, त्या कचेरीच्या खिडकीसारखा हा व्यवहार आहे. अर्जदाराला तो जाचक वाटतो, परंतु कोणत्याही खिडकीवरचा कोणताही कारकून तो अर्ज निकाली काढू शकतो, हा त्याचा मोठा लाभ असतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वेबमध्ये झालेले बहुतेक महत्त्वाचे बदल, सर्व्हरने विसरलेली माहिती कोणी, कुठे आणि किती काळ लक्षात ठेवावी, या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतात.

विनंती निघण्यापूर्वी

संकेतस्थळाचे नाव माणसांच्या सोयीसाठी असते. संगणकांना एकमेकांशी बोलण्यासाठी आयपी पत्ता नावाचा अंकी पत्ता लागतो. नावावरून हा पत्ता शोधून देणारी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ब्राउझरचा प्रश्न सहसा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे जातो आणि त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर तो आधी मूळ सर्व्हरला, मग ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’सारख्या विभागाच्या सर्व्हरला आणि शेवटी त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या नामसर्व्हरला विचारत जातो. मिळालेले उत्तर किती सेकंद जवळ ठेवायचे हे उत्तरातच लिहिलेले असते, आणि म्हणूनच संकेतस्थळाचा सर्व्हर बदलल्यावर काही लोकांना काही काळ जुनेच ठिकाण दिसत राहते.

पत्ता मिळाल्यावर टीसीपी या प्रोटोकॉलची, म्हणजे आधी ठरवून घेतलेल्या संवादनियमांची, जोडणी होते. ब्राउझर ‘जोडणी हवी’ असे एक पॅकेट पाठवतो, सर्व्हर ‘ऐकले, मीही तयार आहे’ असे कळवतो आणि ब्राउझर त्याची पोच देतो. या तीन पॅकेटांनंतर दोन्ही बाजूंना अशी वाहिनी मिळते की, तिच्यात टाकलेला मजकूर क्रमाने पोहोचतो आणि वाटेत हरवलेला भाग पुन्हा पाठवला जातो. एकाच संगणकावर अनेक सेवा चालत असल्यामुळे प्रत्येक सेवेला पोर्ट नावाचा क्रमांक असतो. साध्या वेबचा ८० आणि गुप्त जोडणीच्या वेबचा ४४३.

ही गुप्तता टीएलएस हा तिसरा थर पुरवतो. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या एसएसएलपासून त्याची परंपरा सुरू होते आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली टीएलएस १.३ ही तिची आजची आवृत्ती आहे. येथे सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो, ब्राउझर ते तपासतो आणि दोघे मिळून त्या जोडणीपुरती एक गुप्त किल्ली ठरवतात. पूर्वी प्रमाणपत्रासाठी बहुधा दरवर्षी पैसे मोजावे लागत; डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ते सर्वांना मोफत देऊ लागली आणि गुप्त जोडणी हा बँकांपुरता विषय राहिला नाही. मात्र प्रमाणपत्रावरून एवढेच सिद्ध होते की, समोरचा सर्व्हर त्या नावाचा आहे. तो चालवणारा माणूस प्रामाणिक आहे याची हमी त्यातून मिळत नाही. फसव्या संकेतस्थळांनाही गुप्त जोडणीची खूण लाभते, ती यामुळेच.

विनंतीची घडण

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर चालू केला. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली सूचना त्या संगणकावर चिकटवलेली होती. एचटीटीपी या प्रोटोकॉलचे १९९१ मधील रूप इतके साधे होते की विनंती म्हणजे केवळ एक ओळ, ‘गेट’ हा शब्द आणि त्यापुढे हव्या त्या पानाचा मार्ग. सर्व्हर त्या पानाचा एचटीएमएल मजकूर पाठवी आणि जोडणी तोडी. पान सापडले नाही, तर तसे सांगणारा मजकूरही साध्या पानासारखाच येई. त्यामुळे माणसाला तो वाचून कळे, पण प्रोग्रामला यश आणि अपयश वेगळे ओळखता येत नसे.

मे १९९६ मध्ये नोंदवल्या गेलेल्या १.० आवृत्तीने ही उणीव भरून काढली. तिच्यात आणि तिच्यापुढच्या १.१ मध्ये विनंतीच्या पहिल्या ओळीत पद्धत, मार्ग आणि आवृत्ती असे तीन भाग असतात. त्याखाली हेडर, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोडीने लिहिलेल्या ओळी येतात. मग एक कोरी ओळ आणि आवश्यकता असल्यास त्यानंतर मजकूर. ब्राउझरला कोणती भाषा चालेल, कोणत्या प्रकारे दाबलेला मजकूर उलगडता येईल, त्याच्याकडे जुनी प्रत आहे काय, हे सारे हेडरांत लिहिलेले असते. जानेवारी १९९७ मधील १.१ आवृत्तीने ‘होस्ट’ हे हेडर सक्तीचे केले. तोवर विनंतीत संकेतस्थळाचे नावच नसे, त्यामुळे एका आयपी पत्त्यावर एकच संकेतस्थळ नीट चालवता येई. नाव सोबत येऊ लागल्यावर एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदू लागली आणि लहान संस्थांना परवडणारी होस्टिंग सेवा शक्य झाली.

मार्गाच्या घडणीत देवनागरी वाचकाला एक परिचित दृश्य दिसते. प्रोटोकॉलच्या नियमानुसार मार्गात मर्यादित लॅटिन अक्षरे आणि चिन्हेच चालतात, त्यामुळे बाकी प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन षोडशमान अंक असा लिहावा लागतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्णाला व मात्रेला तीन बाइट लागतात, म्हणून प्रत्येकाची नऊ चिन्हे होतात. ‘मराठी’ या शब्दातील तीन वर्ण आणि दोन मात्रा मिळून ४५ चिन्हांची रांग तयार होते. मराठी विकिपीडियाचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर जी लांबलचक रांग अनेकदा दिसते, ती सर्व्हरला पाठवला जाणारा खरा मार्ग असतो.

पद्धतींपैकी गेट आणि पोस्ट या दोन सर्वाधिक वापरल्या जातात. गेट ही केवळ वाचण्याची विनंती असून तिच्यामुळे सर्व्हरवरील माहितीत बदल होऊ नये, असा संकेत आहे; पोस्टमध्ये मजकूर पाठवून काही घडवून आणायचे असते. हा संकेत मोडल्यास काय होते, ते २००५ मध्ये दिसले. गूगलचा वेब ॲक्सेलरेटर हा प्रोग्राम पानावरील दुवे वापरकर्त्याने दाबण्याआधीच मागवून ठेवत असे आणि काही सेवांनी नोंद खोडण्याची क्रियादेखील साध्या गेट दुव्याला जोडलेली असल्यामुळे लोकांच्या नोंदी आपोआप खोडल्या जाऊ लागल्या. याहून सूक्ष्म भेद पुनरावृत्तीचा आहे. गेट दहा वेळा पाठवली तरी फरक पडत नाही. पैसे भरण्याची पोस्ट मात्र दोनदा पोहोचली, तर पैसे दोनदा जाऊ शकतात. उत्तर वाटेत हरवले, तर काम झाले की नाही हे ब्राउझरला कळण्याचा मार्ग नसतो, आणि म्हणूनच भरणा चालू असताना ‘मागे जाऊ नका, पान रिफ्रेश करू नका’ अशी विनवणी पडद्यावर केली जाते. चांगल्या रचनेत प्रत्येक व्यवहाराला आधीच एक वेगळा क्रमांक दिलेला असतो आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हर नवा व्यवहार न करता पहिल्याचेच उत्तर परत देतो. तेथे ही विनवणी अनावश्यक ठरते.

सर्व्हरच्या आत

विनंती हाती आल्यावर सर्व्हरचे पहिले काम मार्गाचा अर्थ लावण्याचे असते. सर्वांत साध्या रचनेत सर्व्हरला एक मूळ फोल्डर नेमून दिलेले असते आणि विनंतीतला मार्ग त्या फोल्डरातील फायलीला जोडला जातो. यात धोका असा की, ‘एक पायरी वर’ असा अर्थ असलेली दोन टिंबे मार्गात घालून कोणी नेमलेल्या फोल्डरबाहेरील फायली मागू शकतो. सर्व्हर अशी टिंबे आधीच ओळखून नाकारतात. परंतु तेच टिंब टक्के-चिन्हाच्या लिपीत लिहिले तर ते तपासणीतून निसटू नये, याचीही काळजी घ्यावी लागते. अपाचे या प्रख्यात सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत नेमकी हीच चूक शिरली होती आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती उघड झाल्यावर तातडीने दुरुस्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या.

प्रत्येक उत्तर तयार फायलीतून देता येत नाही. शोधाचे निकाल, खात्यातील शिल्लक, गाडीतील रिकाम्या जागा ही उत्तरे त्या क्षणी घडवावी लागतात. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी लिहिलेल्या सर्व्हरभोवती १९९३ मध्ये सीजीआय हा संकेत आकाराला आला. त्यानुसार सर्व्हर विनंतीचा तपशील एका वेगळ्या प्रोग्रामला देतो आणि त्या प्रोग्रामने छापलेला मजकूर उत्तर म्हणून पाठवतो. प्रत्येक विनंतीसाठी नवा प्रोग्राम सुरू करून बंद करणे महाग पडू लागले, तेव्हा पीएचपीसारख्या भाषा सर्व्हरच्या पोटातच चालवण्याची आणि पुढे कायम चालू राहणाऱ्या वेगळ्या ॲप्लिकेशन सर्व्हरकडे काम सोपवण्याची पद्धत रुजली. आज दर्शनी सर्व्हर बहुधा रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे मागील सर्व्हरांच्या वतीने विनंत्या घेणारा मध्यस्थ म्हणून, उभा असतो. त्याच्यामागे ॲप्लिकेशन सर्व्हर आणि त्याच्याही मागे डेटाबेस अशी साखळी असते.

मॅककूल यांनी एनसीएसए सोडल्यावर त्यांच्या सर्व्हरची देखभाल थंडावली आणि जगभरातले वापरकर्ते आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना पाठवू लागले. त्यांपैकी आठ जणांनी १९९५ मध्ये एकत्र येऊन अपाचे प्रकल्प सुरू केला आणि एप्रिल १९९६ पर्यंत तो वेबवरील सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर बनला. अपाचेच्या मूळ रचनेत प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया राबत असे. एका जोडणीतील बिघाड दुसरीला लागत नसल्याने ही रचना भक्कम होती. मात्र प्रत्येक प्रक्रियेला स्मृती लागते आणि तिचा बहुतांश वेळ मंद जोडणीवरील ब्राउझरची वाट पाहण्यात जातो. एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला आणि तो ‘सी-टेन-के’ या नावाने गाजला. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला एन्जिन-एक्स हा सर्व्हर त्याचे एक उत्तर होता. त्यात मोजक्याच प्रक्रिया असतात आणि प्रत्येक प्रक्रिया हजारो जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवून, ज्या जोडणीवर काही घडले तिच्यापुरतेच काम करून पुढे सरकते. वाट पाहणे जवळजवळ फुकट झाले, हा या बदलाचा खरा अर्थ होय.

उत्तराचे स्वरूप

उत्तराच्या पहिल्या ओळीत आवृत्ती आणि तीन अंकी स्टेटस कोड असतो. त्याचा पहिला अंक वर्ग सांगतो : दोनने सुरू होणारे यशाचे, तीनने सुरू होणारे ‘दुसरीकडे पाहा’ किंवा ‘जवळची प्रत वापरा’ असे सुचवणारे, चारने सुरू होणारे विनंतीतच दोष असल्याचे आणि पाचने सुरू होणारे सर्व्हरच्या बाजूने बिघाड झाल्याचे. ही विभागणी जबाबदारीची असल्यामुळे बिघाड शोधताना ती मोलाची ठरते. ४०४ म्हणजे सर्व्हर जागेवर आहे, मागितलेली वस्तू मात्र तेथे नाही. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण परवानगी नाकारली. ५०२ म्हणजे दर्शनी मध्यस्थाला मागील सर्व्हरकडून भलतेच उत्तर मिळाले. ५०४ म्हणजे त्याने वाट पाहिली आणि वेळ संपला. ५०३ म्हणजे सध्या ही सेवा देता येत नाही. कायदेशीर कारणाने रोखलेल्या मजकुरासाठीचा ४५१ हा कोड २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोडनंतरच्या हेडरांत उत्तराचा प्रकार, लांबी, दाबण्याची पद्धत आणि किती काळ जपून ठेवावे याच्या सूचना असतात. ‘कंटेंट-टाइप’ या हेडरात मजकूर कोणत्या लिपिसंकेतात आहे, हेही सांगायचे असते. यूटीएफ-८ मधील मराठी पान जुन्या पश्चिम युरोपीय संकेतातील आहे असे चुकून सांगितले गेले, तर प्रत्येक वर्णाचे तीन बाइट तीन वेगवेगळी चिन्हे म्हणून वाचले जातात आणि पानभर निरर्थक लॅटिन चिन्हांचा सडा पडतो. मजकूर शाबूत असतो, चूक असते ती एका ओळीत. एक पान म्हणजे एक उत्तर नसते, हेही ध्यानात घ्यावे लागते. एचटीएमएल वाचता वाचता ब्राउझरला चित्रे, शैलीच्या फायली, जावास्क्रिप्ट आणि फॉन्ट यांचे उल्लेख सापडत जातात आणि त्या प्रत्येकासाठी तो वेगळी विनंती करतो.

उसने घेतलेले स्मरण

विसरणारा सर्व्हर वाचनालयाला पुरेसा असतो, दुकानाला नाही. खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर नाहीशी होत असेल, तर व्यापार चालणार नाही. यावर नेटस्केपच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची युक्ती योजली : सर्व्हर उत्तरासोबत एक छोटी नोंद देतो आणि ब्राउझर त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक विनंतीला ती जोडतो. प्रोटोकॉल पूर्वीप्रमाणेच स्टेटलेस राहतो, केवळ लक्षात ठेवण्याचे ओझे ब्राउझरकडे जाते. नोंदीत सहसा एक लांब, अंदाज न करता येणारा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली कोणाचे लॉगिन आहे ते सर्व्हर आपल्याकडे पाहतो. साहजिकच हा क्रमांक ज्याच्या हाती पडेल, तो त्या वापरकर्त्याच्या नावाने वावरू शकतो. म्हणून अशी कुकी फक्त गुप्त जोडणीवरूनच पाठवावी आणि पानावरील जावास्क्रिप्टला ती वाचता येऊ नये, अशा अटी तिच्यासोबत लिहिता येतात.

एकाऐवजी दहा सर्व्हर झाल्यावर हा प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरने पहिली विनंती एका यंत्राकडे आणि दुसरी भलत्याच यंत्राकडे पाठवली, आणि लॉगिनची नोंद पहिल्याच्याच स्मृतीत असली, तर वापरकर्त्याला पुन्हा पासवर्ड विचारला जातो. त्यामुळे ती नोंद सर्वांना दिसेल अशा सामायिक साठ्यात ठेवतात, किंवा सर्व तपशील सर्व्हरच्या सहीनिशी कुकीतच घालून देतात. पहिल्या उपायात तो साठा सगळ्यांचा अडसर बनू शकतो. दुसऱ्यात एकदा दिलेली परवानगी मुदतीपूर्वी मागे घेणे अवघड होते. स्मरण कुठेही ठेवले तरी त्याची किंमत मोजावी लागतेच.

कुकी केवळ भेट दिलेल्या संकेतस्थळाचीच असते असेही नाही. पानावरील जाहिरातीचे चित्र तिसऱ्याच सर्व्हरकडून येते, त्यालाही कुकी देता येते आणि तो सर्व्हर हजारो संकेतस्थळांवर हजर असल्यास एकाच वाचकाचा मागोवा सर्वत्र घेता येतो. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून अशा कुकी पूर्णपणे रोखल्या. गूगलने त्याच वर्षी क्रोममधून त्या काढण्याचे जाहीर केले, मात्र २०२४ मध्ये तो बेत बदलला. शिवाय प्रोटोकॉल विसरतो म्हणून संस्था विसरते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आलेल्या प्रत्येक विनंतीची वेळ, आयपी पत्ता, मार्ग आणि स्टेटस कोड सर्व्हर आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो, आणि सर्ट-इन या भारतीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस जपणे भारतातील सेवादात्यांना बंधनकारक आहे.

अंतर आणि वेळ

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन एका फेरीला किमान ७२ मिलिसेकंद लागतात. समुद्राखालील केबलचा मार्ग वळणांचा असल्याने प्रत्यक्ष वेळ याहून अधिक असतो. टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.२ च्या दोन आणि विनंती-उत्तराची एक अशा चार फेऱ्यांना, सर्व्हरने काहीही वेळ न घेता उत्तर दिले तरी, २८८ मिलिसेकंद लागणारच. हा वेळ यंत्र वेगवान करून कमी होत नाही. त्यासाठी फेऱ्या घटवणे, अंतर घटवणे किंवा विनंतीच टाळणे एवढेच उपाय उरतात.

फेऱ्या घटवण्याचा इतिहास हा एचटीटीपी प्रोटोकॉलच्या आवृत्त्यांचा इतिहास आहे. १.१ ने एकच जोडणी अनेक विनंत्यांसाठी वापरण्याची सवय लावली, पण उत्तरे क्रमानेच यायची, त्यामुळे पुढच्या मोठ्या उत्तरामागे लहान उत्तरे अडकून पडत. ब्राउझर यावर एकाच सर्व्हरशी सहा-सहा जोडण्या उघडून मार्ग काढत. मे २०१५ मधील दुसऱ्या आवृत्तीने मजकुराचे लहान तुकडे करून अनेक उत्तरे एकाच जोडणीत मिसळून पाठवली. तरीही खाली टीसीपीच असल्यामुळे एक पॅकेट हरवले की सगळीच उत्तरे थांबत. जून २०२२ मध्ये मान्य झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने टीसीपी सोडून क्विक हा नवा पाया घेतला; त्यात जोडणी आणि गुप्तता एकाच फेरीत उरकतात आणि एका उत्तराचे हरवलेले पॅकेट दुसऱ्याला अडवत नाही. वरच्या उदाहरणातील २८८ मिलिसेकंद येथे १४४ वर येतात. पूर्वी भेटलेल्या सर्व्हरला पहिल्याच पॅकेटसोबत विनंती पाठवण्याचीही सोय आहे; पण असे पॅकेट मधल्या कोणी टिपून पुन्हा पाठवू शकतो, म्हणून ती पुनरावृत्तीने अपाय न होणाऱ्या विनंत्यांपुरतीच वापरायची असते.

विनंती टाळण्याचे साधन म्हणजे कॅश, म्हणजेच जवळ ठेवलेली प्रत. सर्व्हर उत्तरासोबत प्रतीची मुदत सांगतो आणि ती संपेपर्यंत ब्राउझर त्याच्याकडे फिरकत नाही. मुदत संपल्यावर प्रतीची खूण पाठवून ‘ही अजून चालेल का’ असे विचारतो आणि बदल नसेल, तर ३०४ हा कोड तेवढा परत येतो. अंतर घटवण्यासाठी हीच कल्पना वापरकर्त्याच्या शहराजवळ ठेवलेल्या सर्व्हरांना लागू केली, तेव्हा सीडीएन, म्हणजे मजकूर-वितरणाचे जाळे, हा व्यवसाय उभा राहिला. १९९८ मध्ये स्थापन झालेली अकामाई ही त्यातील आद्य कंपन्यांपैकी एक होय. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने २०१६ मध्ये मुंबईत केंद्र उघडल्यानंतर महाराष्ट्रातील सेवांना आपले मूळ सर्व्हरही दारात ठेवता येऊ लागले.

कॅशमध्ये एकाची प्रत दुसऱ्याला देणे हाच लाभ असतो आणि धोकाही तोच असतो. २०१५ च्या नाताळात स्टीम या खेळविक्रीच्या सेवेवर हल्ला झाला असताना कॅशची मांडणी चुकली आणि एकाच्या खात्याची पाने दुसऱ्यांना दिसली. सुमारे ३४ हजार वापरकर्त्यांना त्याची झळ पोहोचली. मध्यस्थ मोजके असल्याचा धोका वेगळा. ८ जून २०२१ रोजी फास्टली या सीडीएनमधील सुप्त दोष एका ग्राहकाने केलेल्या वैध बदलामुळे जागा झाला आणि जगातील अनेक नामवंत संकेतस्थळे एकाच वेळी ५०३ दाखवू लागली. त्यांचे स्वतःचे सर्व्हर त्या वेळी ठीक होते.

गर्दीची परीक्षा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला दरवर्षी सुमारे पंधरा लाख विद्यार्थी बसतात आणि निकाल ठरलेल्या दिवशी, अलीकडे बहुधा दुपारी एक वाजता, ऑनलाइन खुला होतो. बैठक क्रमांक आणि आईचे नाव भरून प्रत्येकाने पहिल्या पाच मिनिटांत एकदाच विनंती केली असे मानले, तरी सेकंदाला पाच हजार विनंत्या होतात. पानासोबतची चित्रे आणि फायली धरल्या, तर हा आकडा अनेक पटींनी वाढतो. त्यात अस्वस्थ होऊन पान रिफ्रेश केले जाते. पहिल्या विनंतीवर मागचा सर्व्हर आणि डेटाबेस अजून राबतच असतात, मागणारा निघून गेल्याचे त्यांना पुष्कळदा कळतही नाही, आणि दुसरी विनंती त्यात भर घालते. अशा रीतीने ज्या क्षणी यंत्रणेला उसंत हवी, त्याच क्षणी तिच्यावरील भार वाढतो.

तरीही ही गर्दी तत्त्वतः सोपी आहे. निकाल जाहीर होण्यापूर्वीच गोठलेला असतो, एकाचा निकाल पाहिल्याने दुसऱ्याचा बदलत नाही, आणि त्यामुळे प्रत्येक निकालाची फाईल आधीच तयार करून कितीही सर्व्हरांवर तिच्या प्रती ठेवता येतात. निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर एकाच वेळी देता येतो तो यामुळेच. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणाची गर्दी, सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला बिगरवातानुकूलित वर्गासाठी उसळणारी, दिसायला तशीच असली, तरी जातीने निराळी आहे. तेथे प्रत्येक विनंती उरलेल्या जागांचा एकच सामायिक आकडा वाचते आणि बदलते. शेवटची जागा दोघांना देता येत नसल्याने त्या एका नोंदीपाशी सर्वांना एकामागून एक थांबावेच लागते. दर्शनी सर्व्हर दुप्पट केल्याने निकालाचे पान जवळजवळ दुप्पट लोकांना मिळू शकते. आरक्षणात मात्र त्याच दारापाशी आणखी लोक उभे राहतात.

या दोन उदाहरणांतील अंतर हेच वेब सर्व्हरच्या साऱ्या अभ्यासाचे सार मानता येईल. उत्तर आधीच्या विनंत्यांवर अवलंबून नसेल, तेथे सर्व्हर निश्चिंतपणे विसरू शकतो आणि विसरणारे सर्व्हर हवे तेवढे वाढवता येतात. ज्या उत्तराला इतरांनी काय केले ते ठाऊक असावे लागते, तेथे रांग अटळ असते आणि कौशल्य ती लहान व न्याय्य ठेवण्यात असते. म्हणून एखादी सार्वजनिक सेवा गर्दीत कोसळल्यावर अधिक यंत्रे मागण्याआधी, तिच्या कोणत्या उत्तरांना खरोखर ताजे आणि सामायिक स्मरण लागते आणि कोणत्या उत्तरांना ते केवळ सवयीने जोडले गेले आहे, याची छाननी व्हायला हवी. अनावश्यक ठिकाणचे स्मरण काढून टाकले की उरलेल्या रांगेसाठी किती यंत्रे लागतील, हा हिशेब मांडता येतो. तोवर यंत्रांवर केलेला खर्च हा अंदाजाने केलेला खर्च राहतो.